विकणे आहे: १९६९ ची महिंद्रा एफसी पिकअप, पण चालवणाऱ्यालाच

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची महिंद्रा एफसी-१५० विकायचं ठरवलंय. पहिली नोंदणी १९६९ ची, पेट्रोल, फोर व्हील ड्राइव्ह, जुना तीन अक्षरी नंबर. गाडी कराडजवळ आमच्या मळ्यात आहे आणि चालू आहे. शोसाठी धुऊन पुसून ठेवलेली नाही, आजही वैरण आणते.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, हिला जीपसारखं बॉनेट नाही. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मध्ये, झाकणाखाली. अमेरिकेत जीप बनवणाऱ्या विलिज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ही बाजारात आणली. डिझाइन ब्रूक्स स्टीव्हन्स यांचं, व्हीलबेस सीजे-५ जीपचाच, ८१ इंच. एवढ्याशा चेसिसवर सहा फुटांहून लांब हौदा बसवला, हीच तिची कमाल. तिकडे १९६५ ला बंद पडली, आपल्याकडे महिंद्राने पुढे कितीतरी वर्षं बनवली. बहुतेकांवर नंतर मिनीबसची नाहीतर ॲम्ब्युलन्सची बॉडी चढली, डिझेल इंजिनं आली. मूळ हौदा, मूळ फाळका आणि मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन असलेली आमच्या भागात मला तरी दुसरी दिसलेली नाही.

वडिलांनी १९८४ साली एका बागायतदाराकडून घेतली. गुळाचे रवे मार्केटला, दुधाचे कॅन डेअरीला, पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला की ओढायला हीच. पुढे डिझेल पिकअप आली आणि ही शेडमध्ये गेली. मी नोकरीतून मोकळा झाल्यावर काम काढलं. केबिनचा तळ पार गेला होता, तो कापून १६ गेजचा पत्रा घातला. हौद्याच्या तळाला ज्या पन्हळी आहेत तशाच प्रेसवर दाबून घेतल्या. सपाट पत्रा टाकून मोकळं होणं सोपं होतं, पण पन्हळीमुळे तळाला ताकद येते आणि पोतं ओढताना सरकतं छान. पुट्टी जवळजवळ नाही. चुंबक घेऊन या आणि हवं तिथे लावून बघा.

आता विकतोय का? डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हिचा क्लच जड आहे, घाटात तर सतत पाय तिथेच. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलंय. मुलगा पुण्यात, सोसायटीत एका गाडीची जागा. उभी ठेवली तर दोन पावसाळ्यांत ब्रेकची सिलिंडरं जाम होतील, टाकी गंजेल, उंदीर वायरिंग खातील. चालू स्थितीत असतानाच द्यायची आहे.

अट एकच. घेणाऱ्याने ती चालवावी.

जे नीट नाही तेही लिहितो. स्टिअरिंगला थोडा प्ले (ढिलेपणा) आहे, बॉक्स उघडून शिम काढून झाले, आणखी कमी करायला गेलं की जड होतं. मागच्या मेन सीलमधून ऑइलचा थेंब पडतो. उजव्या दाराची काच शेवटचे दोन बोटं वर जात नाही. उन्हाळ्यात उभ्या चढाला पेट्रोल पंप तापून कधी कधी दम धरते.

किंमत किती सांगावी आणि कागदपत्रांचं काय, यावर जाणकारांचा सल्ला हवाय. फोटो खाली देतोय.

घाटवाट

काका, फोटो बघून जीव खुळा झाला. तो मागचा फाळका साखळीसकट मूळचा आहे का हो?

कृष्णाकाठ

फाळका मूळचा. साखळ्या नव्या, पण जुन्याच मापाच्या कडीच्या. साखळीवर सायकल ट्यूबचं आवरण वडिलांचं, पत्र्याला घासू नये म्हणून. ते काढलं नाही.

नाना_बोअरिंग

कोल्हापूरहून. काका, आधी इंजिनचं सांगा, बाकी पत्रा काय कुणीही बघेल. बोअर किती थाऊवर (इंचाचा हजारावा भाग) आहे? क्रँक किती घासलाय? एक्झॉस्टच्या व्हॉल्व सीट बदलल्या की जुन्याच? आणि ऑइल प्रेशर गरम झाल्यावर किती दाखवतंय?

कृष्णाकाठ

नाना, काम तुमच्याच शिवाजी उद्यमनगरात झालंय. बोअर आधीच शेवटच्या साईजला गेलेला होता, म्हणून चारही स्लीव्ह टाकून स्टँडर्डला आणला. क्रँक २० थाऊ अंडर. एक्झॉस्ट सीट नव्या घातल्या, गाईडही. प्रेशर इंजिन थंड असताना ४५, गरम झाल्यावर पळताना ३० च्या आसपास, आयडलला १० च्या खाली जात नाही.

नाना_बोअरिंग

उत्तम. स्टँडर्डला आणलाय म्हणजे पुढच्या माणसाला बरीच वर्षं बघायला नको.

इतरांसाठी सांगतो. हे एफ-हेड इंजिन आहे. इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये. २१९९ सीसी, बोअर सव्वातीन इंचांनाही कमी आणि स्ट्रोक चार इंचांच्या वर, म्हणून खालून ओढतं. वरचं रॉकर कव्हर काढून मिस्त्री चार व्हॉल्वचं क्लिअरन्स सेट करतो आणि काम झालं म्हणतो. बाकीचे चार बाजूच्या झाकणामागे असतात. तिथे हात घालायला एफसीत जीपपेक्षा अडचण, म्हणून ते राहून जातं, मग एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो. गाडी घेणाऱ्याने मिस्त्रीला समोर बसवून आठही करून घ्यावेत.

रा_रा_पेंडसे

काका, किमतीबद्दल. तुम्ही खर्च किती केला हे कुणाला सांगूच नका. रिस्टोरेशनचा खर्च गाडीच्या किमतीतून वसूल होत नाही, हे भारतातच नाही, कुठेही. मी माझी जुनी फियाट विकली तेव्हा पावत्यांची फाईल पुढे केली, समोरच्याने एकेक पावती काढून घासाघीस सुरू केली. पावत्या दाखवायच्या त्या काय काम झालं हे कळायला. बेरीज दाखवायची नाही.

कृष्णाकाठ

पटलं. मी साडेसहा लाख म्हणायचं ठरवतोय. योग्य माणूस असेल तर खाली येईन.

खिडकी_क्रमांक_४

मी परिवहन कार्यालयात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. कागदांचं मुद्देसूद बघू. काका, आधी तीन प्रश्न. आरसीवर वाहनाचा वर्ग काय लिहिलाय, खाजगी की ट्रान्सपोर्ट? पुनर्नोंदणी कधीपर्यंत आहे? आणि वाहन पोर्टलवर नंबर टाकला की गाडी दिसते का?

कृष्णाकाठ

खाजगी. बागायतदाराने स्वतःच्या वापरासाठी घेतली होती, तशीच नोंद पुढे आली. पुनर्नोंदणी २०२८ पर्यंत आहे, पर्यावरण कर भरलेला. पोर्टलवर आधी दिसत नव्हती, बॅकलॉग एंट्री करून घ्यायला खूप हेलपाटे झाले, पण आता दिसते. हाय सिक्युरिटी पाटीही लावली.

खिडकी_क्रमांक_४

मग निम्मी लढाई जिंकलीत. जुन्या गाड्यांचे व्यवहार अडतात ते इथेच. आरसीचं पुस्तक हातात असतं, पण संगणकावर गाडीच नसते, आणि ते कळतं पैसे देऊन झाल्यावर.

आता व्हिंटेजचं. लोक विचारतील, म्हणून लिहून ठेवतो. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खाजगी वापराची, मुळात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तुमची बसू शकते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतर पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नंबर वेगळ्या मालिकेचा मिळतो, राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं.

पण अट नीट वाचा. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. व्यावसायिक वापर तर नाहीच. म्हणजे ज्याला वैरण, आंबे, पोती वाहायची आहेत त्याने साधी पुनर्नोंदणीच चालू ठेवावी, दर पाच वर्षांनी गाडी दाखवून. काकांची अट बघता हेच योग्य.

विक्रीच्या वेळी मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. फॉर्म २९ विकणाऱ्याने द्यायचा, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८ च्या ना-हरकतीचं दोन्हीकडे विचारून घ्या. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात, तिथला रंग पातळ असू द्या. रिस्टोरेशनमध्ये नंबरावर जाड रंगाचे हात बसलेले असतात आणि मग छाप उठत नाही, तपासणी अडते. इंजिन नंबर ब्लॉकवर वॉटर पंपाजवळ असेल, तोही आरसीशी ताडून ठेवा.

कृष्णाकाठ

साहेब, फार उपकार झाले. चेसिस नंबरावर फक्त प्रायमर आणि एक हात आहे, स्वच्छ वाचता येतो. इंजिन नंबर जुळतो.

निसर्गनिवास

नमस्कार काका. आमचं महाबळेश्वर रस्त्याला कृषी पर्यटन केंद्र आहे. गाडी फार आवडली. तुम्ही सांगाल ती पूर्ण किंमत देतो, घासाघीस नाही, उद्या पैसे पाठवतो. प्रवेशद्वाराजवळ छपराखाली ठेवू. हौद्यात फुलझाडं लावायचा विचार आहे. येणारी मुलं बघतील, फोटो काढतील. आमच्याकडे तिची उत्तम निगा राहील, लेखी देतो.

कृष्णाकाठ

तुमचा हेतू चांगला आहे आणि किंमतही तुम्ही पूर्ण देताय, त्याबद्दल आभार. पण गाडी देणार नाही. हौद्यात माती भरली की पहिल्या पावसाळ्यातच पाणी पन्हळीत साचून राहणार. इंजिन न फिरवता वर्ष गेलं की रिंगा बोअरला धरतात. दिसायला ती तिथे असेल, पण गाडी म्हणून संपलेली असेल.

घाटवाट

काका, एकदम बरोबर.

स्मिता_सातारा

मला इथे वेगळं वाटतं, म्हणून बोलते. चालवणाऱ्याकडे गेली की ती वापरली जाणार, आणि वापरली की झिजणार. घाटात एखाद्या ट्रकने मागून धडक दिली तर फाळका, साखळ्या, सगळं गेलं. छपराखाली असलेली गाडी निदान पुढची पन्नास वर्षं दिसेल तरी. आमच्या लहानपणी गावात एफसीची ॲम्ब्युलन्स होती. माझ्या आजीला त्यातून मिरजेला नेलं होतं. आज ती कशी दिसत होती हे मी मुलीला कुठे दाखवू? गाडी बघायला मिळणं यालाही किंमत आहे. काकांनी फुलझाडं नकोत अशी अट घालावी, पण सरळ नाही म्हणू नये.

नाना_बोअरिंग

स्मिताताई, तुमचं म्हणणं समजतं. पण उभ्या इंजिनाचं काय होतं ते मी दर आठवड्याला बघतो. पिस्टन हातोड्याने ठोकून काढावे लागतात. झिजलेली गाडी दुरुस्त होते, स्लीव्ह आहे, बुश आहे, बेअरिंग आहे. कुजलेल्या गाडीचा भंगारात वजनावर भाव होतो.

स्मिता_सातारा

नाना, मग महिन्यातून एकदा चालू करणारा माणूस ठेवायची अट घाला. संग्रहालयं करतातच की. मला एवढंच म्हणायचंय की चालवणारा आणि जपणारा यांत एकच निवडायची सक्ती नको.

कृष्णाकाठ

स्मिताताई, ॲम्ब्युलन्सची आठवण वाचून बरं वाटलं. तुमच्या मुलीला घेऊन या, गाडी आहे तोवर बसवून मळ्यातून फिरवून आणतो. मी नाही चालवणार, पुतण्या चालवेल. पण माझं मत बदललेलं नाही. नुसतं जागेवर चालू करून बंद केलं तर ना गिअरबॉक्सचं ऑइल फिरतं ना डिफरन्शियलचं, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळं. ही गाडी गरम होऊन, वजन घेऊन, चढ चढूनच नीट राहते. वडिलांनी ती कामासाठी घेतली होती. मी एवढं काम केलं ते ती पुन्हा कामाला लागावी म्हणून.

निसर्गनिवास

काका, राग नाही. तुमचं म्हणणं पोचलं. फुलझाडांचा विचार सोडला. तुम्हाला कुणी मिळालं नाही तर आमचा विचार जरूर करा.

ओहायोकर

कोलंबसहून लिहितोय. ज्या टोलेडोत विलिजने एफसी बनवली ते आमच्यापासून फार लांब नाही, म्हणून धागा वाचताना वेगळंच वाटलं.

मी दोन वर्षांपूर्वी माझी १९५२ ची शेव्हरले ३१०० पिकअप विकली. तीही मीच उभी केली होती, सहा सिलिंडरचं २१६ घनइंची इंजिन, ६ व्होल्टची वायरिंग, सगळं मूळचं ठेवून. इकडे ऑनलाइन लिलावात टाकली असती तर जास्त पैसे आले असते, कारण तिथे देशभरातले लोक बोली लावतात. पण घेणारा कोण हे लिलावात आपल्या हातात राहत नाही. मी ओळखीतून दिली, एका सुताराला. तो तिच्यावर लाकूड नेतो.

एक सांगतो, काका. मी गाडीसोबत दोन गोष्टी दिल्या आणि त्यांचा त्याला सगळ्यात जास्त उपयोग झाला. एक खोकं, त्यात काढलेले जुने सगळे भाग, खराब असले तरी. नवा भाग बनवायला नमुना लागतो आणि जुना खराब भाग हाच नमुना असतो. दुसरी एक वही. कुठलं बेअरिंग कुठल्या नंबरचं, कुठल्या दुसऱ्या गाडीचं बसतं, कुठला नट उलट्या आट्याचा. या गोष्टी कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतात.

आणि मुंबईचा एक धागा. जनरल मोटर्सने १९२८ ला शिवडीत जुळणीचा कारखाना काढला होता, १९५४ ला बंद केला. तिथे जुळलेले शेव्हरले ट्रक आमच्या आजोबांनी पाहिलेले. माझ्या गाडीच्या वेडाचं मूळ त्यांच्या गोष्टींत आहे.

कृष्णाकाठ

वहीची कल्पना फार आवडली. आजपासून लिहायला घेतो. जुने भाग सगळे जपून ठेवलेत, दोन पोती भरतील.

बागवाली_दापोली

नमस्कार काका. मी दापोलीजवळ काजू आणि आंब्याची बाग बघते. आमची बाग उतारावर आहे, आत कच्ची वाट, पावसात टू व्हील ड्राइव्ह पिकअप वर येतच नाही. सध्या डोक्यावरून क्रेट खाली आणतो. माझ्या मामांची जीप होती, मी तिच्यावर शिकले, त्यामुळे डबल क्लच (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणं) येतो. मला खरंच ही चालवायची आहे. काही प्रश्न आहेत. लो रेशोत चढ कसा घेते? रिकामी असताना उतारावर पुढे झुकते असं वाचलंय, ते खरं का? आणि आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्याचं काय केलंत?

कृष्णाकाठ

तुमचे प्रश्न वाचूनच कळलं की तुम्ही विचार करून लिहिताय.

लो रेशो: ट्रान्सफर केसला (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) दोन दांडे आहेत, एक पुढच्या चाकांचा, एक हाय-लोचा. आधी पुढची चाकं जोडायची, मग लो. लो टाकून पहिल्यावर सोडली की वजन घेऊन ओल्या मातीत सावकाश वर जाते, ॲक्सिलरेटरला फार हात लावायला लागत नाही. कोरड्या डांबरावर मात्र पुढची चाकं जोडून चालवायची नाही, ताण गिअरांवर येतो. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, गाडी पूर्ण थांबवून टाकायचा किंवा डबल क्लच, जो तुम्हाला येतो.

झुकण्याचं: खरं आहे. ड्रायव्हर आणि इंजिन दोन्ही पुढच्या ॲक्सलवर, मागे रिकामा हौदा. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या गाड्यांना कंपनीने मागे वजनाचा जाड लोखंडी तुकडा बसवला होता तो याचसाठी. आम्ही रिकामी असली की हौद्यात मागे वाळूची दोन पोती ठेवतो. उतारावर जोरात ब्रेक मारायचा नाही, गिअरवर उतरवायची. ब्रेक चारही ड्रम आणि एकाच सर्किटचे. एक पाइप फुटला तर सगळेच जातात, म्हणून सगळे पाइप आणि होज नवे घातलेत आणि ते दर वर्षी बघायचे.

हँडब्रेकबद्दल खास लक्षात ठेवा. तो चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे. उभ्या गाडीला उत्तम धरतो. चालत्या गाडीत ओढायचा नाही, शाफ्ट आणि क्राऊनला झटका बसतो. आणि उतारावर उभी केली की चाकामागे दगड लावायचाच.

इथेनॉल: आमच्या उसाचंच इथेनॉल त्यात असतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार! ताई, ते पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. सगळे पेट्रोल पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे केले. पंपाचा डायाफ्राम (पेट्रोल ढकलणारा पडदा) मात्र जुन्याच रबराचा आहे, एक सुटा सोबत देईन. टाकी आतून साफ करून घेतली, आठवडाभर गाडी वापरायची नसेल तर टाकी भरलेली ठेवतो, रिकाम्या जागेत ओल धरते.

नाना_बोअरिंग

काका, इथेनॉलने मिश्रण पातळ पडतं, मेन जेट एक नंबर मोठा घाला. आणि चढाला दम धरते म्हणताय तो पंप तापून पेट्रोलची वाफ होते म्हणून. एफसीत इंजिन झाकणाखाली असल्याने हवाच कमी लागते. पंप आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावा.

कृष्णाकाठ

पत्रा लावलाय, त्याने बराच फरक पडला. तरी मे महिन्यात दुपारी वडिलांचाच उपाय चालतो. इंजिनचं झाकण उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं, पाच मिनिटं थांबायचं. ही सोय जीपमध्ये नाही, सीटवर बसूनच करता येतं.

बागवाली_दापोली

काका, येत्या रविवारी कुंभार्ली घाटाने कराडला येऊ का? मामांना घेऊन येते.

कृष्णाकाठ

या. जेवायला थांबा.

घाटवाट

काय झालं, कुणीतरी सांगा.

बागवाली_दापोली

काल जाऊन आले, सविस्तर लिहिते.

गाडी थंड असताना चालू करून बघायची असं मामांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून काकांनी आम्ही पोचेपर्यंत हात लावला नव्हता. चोक ओढला, लगेच लागली. पहिल्यांदा निळा धूर आला आणि गेला. मामांनी चुंबक फिरवलं, चाकांच्या कमानीजवळ थोडी पुट्टी लागली, बाकी पत्रा. मी चालवली. स्टिअरिंग जड आहे आणि प्ले जाणवतो, पण मळ्याच्या वाटेवर पुढचं चाक नेमकं कुठे आहे ते सीटखाली कळतं, कारण आपण त्याच्या वरच बसलेलो असतो. अवघड वळणावर हे फार कामाचं आहे. काकांनी हौद्यात उसाच्या मोळ्या टाकायला लावल्या आणि ओढ्याच्या चढावर नेलं. लो पहिल्यावर कुठेही न घसरता वर आली. केबिन तापते, हे खरं. पायाला झळ लागते.

मला घ्यायची आहे. पैशाचं सांगते, साडेसहा माझ्याकडे एकदम नाहीत. साडेपाच आत्ता देऊ शकते, बाकी आंब्याचा हंगाम संपल्यावर.

रा_रा_पेंडसे

ताई, काका, दोघांनाही सांगतो. उधारी ठेवून नावावर करू नका आणि नावावर न करता गाडी देऊ नका. दोन्हींत संबंध बिघडतात.

कृष्णाकाठ

पेंडसे, मी साडेपाचलाच देतोय. उधारीचा प्रश्नच नाही. घरात बोलून ठरवलंय.

स्मिता_सातारा

काका, मी वेगळं मत मांडलं होतं, पण ओढ्याच्या चढाचं वर्णन वाचून आनंद झाला. ताई, मुलीला घेऊन तुमच्याकडे आले तर चालेल ना?

बागवाली_दापोली

नक्की या. मे मध्ये या, आंबे खायलाही.

खिडकी_क्रमांक_४

अभिनंदन दोघांचं. आता सुरक्षिततेचं. पैसे बँकेतूनच. व्यवहाराच्या दिवशीच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि ताबा दिल्याची पावती, तारीख आणि वेळ घालून. काका, हे तुमच्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नोंदणीपुस्तकावर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, गाडी विकलेली असली तरी. त्यामुळे ‘नंतर करू’ चालणार नाही. ताई, विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. पाच वर्षांहून जुन्या गाडीचं विमा मूल्य कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायचं असतं. एजंट कमी आकडा टाकेल, तुम्ही व्यवहाराच्या किमतीवर अडून बसा. पावत्या आणि फोटो सोबत द्या.

गाडी कराडच्या कार्यालयाची म्हणजे एमएच-५०, दापोली एमएच-०८ मध्ये येते. नाव लागेपर्यंत घाटातून चालवत नेण्यापेक्षा मी तरी फ्लॅटबेड ट्रकवर घालून नेईन.

कृष्णाकाठ

फ्लॅटबेड माझ्याकडून. घाट उतरवायची पुतण्याची फार इच्छा होती, पण साहेब म्हणतात ते बरोबर. फॉर्म भरून झाले, अर्ज ऑनलाइन गेला. वही तयार आहे. नाना, त्यात तुमचं व्हॉल्वचं लिहिलंय, आठही.

बागवाली_दापोली

गाडी पोचली. एक अडचण. काल चढावर दोनदा बंद पडली, ओलं फडकं ठेवूनही लगेच लागली नाही. पंपाखाली बारीक भोकातून पेट्रोल ठिबकताना दिसतंय. ऑइलच्या दांडीला पेट्रोलचा वास येतोय असं मामा म्हणतात. डायाफ्रामच का?

नाना_बोअरिंग

डायाफ्रामच. आता गाडी अजिबात चालू करू नका, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय, बेअरिंग जातील. आधी डायाफ्राम बदला, काकांनी सुटा दिलाय तो तात्पुरता घाला. मग ऑइल पूर्ण काढून नवं भरा, फिल्टरसकट. बदलताना पंपाचे स्क्रू घट्ट करायच्या आधी दांडी पूर्ण दाबून धरा, नाहीतर डायाफ्राम ताणून फाटेल. इथेनॉल चालणाऱ्या कापडी रबराचा डायाफ्राम मी इथे कापून घेऊ शकतो, जुना नमुन्याला कुरिअर करा.

कृष्णाकाठ

ताई, पंप सोडवायला १/२ इंची पाना लागेल, मिलिमीटरचा लावू नका, बोल्टची डोकी गोल होतील. इंची पान्यांचा जुडगा हौद्यातल्या पेटीत डाव्या कप्प्यात आहे. वहीत पंपाचं पान आहे, गॅस्केटला शेलॅक लावायचं ते तिथेच लिहिलंय. अडलं तर आज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करा.

बागवाली_दापोली

पाने मिळाले. मामा बसलेत खाली. नाना, जुना डायाफ्राम उद्या सकाळी पाठवते.